होडीच्या टोकावरचा कॅमेरा

आमच्या होडीत वल्ही माझ्या हातात असायची आणि माझे यजमान टोकाशी, पुढे तोंड करून बसायचे. वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते. मला सोडलेला काठ दिसायचा, गाठायचा काठ दिसायचा नाही. तो बघायचं काम ह्यांचं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी त्यांना 'हे'च म्हणत आले, इथेही तेच म्हणते.

होडी ह्यांच्या हौसेची. म्हैसुरात जयलक्ष्मीपुरमजवळच्या एका कॉलेजात हे वनस्पतिशास्त्र शिकवायचे. कुणीतरी काढून टाकलेली फायबरची छोटी होडी त्यांनी आणली आणि धरणाच्या मागच्या पाण्यावर, ज्याला इथे सगळे हिन्नीरु म्हणतात, एका नारळाच्या बागेच्या काठाला बांधून ठेवली. बागेच्या मालकाची हरकत नव्हती. पण वर्षभरातच हे स्कूटरवरून पडले आणि उजवा खांदा कायमचा अधू झाला. मग वल्हवायला मी शिकले. मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात मी टेस्टिंग विभागात होते, मीटर आणि वायरींच्या कामात हात मुरलेले होते, पण वल्ह्यांनी पहिले काही महिने तळवे सोलून काढले.

रविवारी दुपारी निघायचं, पाण्यातल्या एका बेटावरची झाडं आणि पक्षी ह्यांनी बघायचे, मी थर्मासमधला चहा ओतायचा, आणि परतताना हमखास अंधार व्हायचा. धरण भरलं तेव्हा बुडालेल्या झाडांचे खुंट त्या पाण्यात अजून उभे आहेत. काही वर दिसतात, काही जेमतेम टोक काढून असतात. हे टोकाशी बसून सांगायचे, "डावं. अजून थोडं. बास." परतीच्या वाटेवर आमचं बोलणं साधारण एवढंच.

मी निवृत्त झाले आणि त्याच वर्षी हे गेले. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात चालत गेले आणि परत आले नाहीत. मुलगा परदेशातून आला, सगळं नीट करून, बरोबर येतेस का म्हणून मला दोनदोनदा विचारून परत गेला.

सरस्वतीपुरमच्या आमच्या घरात दिवस कसाही निघायचा. भाजी, बँक, कपडे, थोडं वाचन. अडचण संध्याकाळची होती. शेजारच्या घरांत दिवे लागायचे, स्कूटरी एकेक करून फाटकांत शिरायच्या, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या. आमच्या गल्लीत मराठी बोलणारं आमचं एकच घर. माझे वडील शिंपी, आणि त्यांच्या आजोबांच्याही आधीपासून आम्ही म्हैसूरचे. आमची मराठी म्हणजे निम्मी कन्नड. महाराष्ट्रातून नव्याने आलेली माणसं ती ऐकून हसू दाबतात. पण ती बोलायला घरात आता कुणी उरलं नव्हतं. मुलाची मराठी जेवण, झोप आणि तब्येत एवढ्यापुरती, पुढचं सगळं इंग्रजीत. एखाद्या दिवशी दिवेलागणीला लक्षात यायचं, की आज दिवसभरात आपल्या तोंडून मराठीचा एकही शब्द निघालेला नाही.

अशाच एका दिवशी मी स्कूटर काढली आणि पाण्यावर गेले. होडी नारळांखाली पालथी पडली होती, पानांनी झाकलेली. बागेच्या मालकाने ती उलटी करायला हात लावला.

"एकट्याच जाणार, अम्मा?"

"हो."

होडी पाण्यात लोटेपर्यंत तो थांबला.

पाण्यावर संध्याकाळ सुसह्य होती. तिथे कुणाच्याच घरातला दिवा लागत नाही. मी पुन्हा पुन्हा जायला लागले. येताना मात्र अंधार गाठायचा आणि टोकाशी कुणी नसायचं. कपाळाला बांधायचा दिवा आणला. त्याचा उजेड मी बघेन तिकडे पडायचा, म्हणजे मागे. पुढचं बघायला सारखी मान वळवायची, तर उजेडाला भुलून आलेले किडे डोळ्यांत, आणि त्यांच्या पलीकडे काळोख जास्तच काळा.

एकदा काळोखात होडी कशाला तरी आदळली. खुंट नव्हता, कारण त्यातून एक बाई ओरडली. काठावर दरवर्षी कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून मासेमारी करणारी जोडपी येतात, निळ्या ताडपत्रीच्या तंबूत राहतात आणि तेप्पातून जाळी टाकतात. तेप्प म्हणजे टोपलीसारखी गोल नाव. त्यातल्याच एकावर मी जाऊन धडकले होते. तेप्प कलंडता कलंडता राहिलं, पाणी आत शिरलं.

"कण्णु काणल्वा?" पुरुषाचा आवाज आला. दिसत नाही का, असं तो विचारत होता.

मी कन्नडमध्ये म्हणाले, "माझी पाठ तिकडे असते. पुढचं बघणारं कुणी नाही माझ्याबरोबर."

बाई भांड्याने पाणी उपसत होती. उपसता उपसता तिने विचारलं, "मग एकट्या कशाला येता, अम्मा?"

त्यांना काही लागलं नाही ना, एवढं विचारून मी निघाले.

होडी विकून टाकावी असं दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं होतं. चहा पिताना कारखान्यातलं एक काम आठवलं. विजेच्या मोठ्या पॅनेलमधला सैल जोड शोधायला आम्ही थर्मल कॅमेरा वापरायचो. सैल जोड तापतो आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो पांढरा दिसतो. त्या कॅमेऱ्याला उजेड लागत नाही, उष्णता पुरते. माणूसही तसाच दिसेल. पाणी दिवसभर तापून संध्याकाळी ऊब धरून असतं आणि वर आलेलं लाकूड लवकर निवतं, म्हणजे खुंटही दिसायला हवेत, उबदार पाण्यावर गडद.

मुलाला फोनवर सांगितलं.

"रेडीमेड मिळतो ना, आई. मी ऑर्डर करतो."

"तो हातात धरून बघायचा असतो. माझे दोन्ही हात वल्ह्यांवर."

"मग सुम्ने कशाला जायचं? घरीच बस ना." सुम्ने म्हणजे उगाच. हा कन्नड शब्द त्याने माझ्याचकडून उचललेला.

"घरीच बसून बनवतेय," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्याने सेन्सर चालवायच्या प्रोग्रॅमची कुठलीशी लिंक पाठवली, खाली एक शब्दही न लिहिता.

आधी शिकण्यापुरता एक लहान सेन्सर मागवला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, सोल्डरिंगचं सामान कपाटातून काढलं. चष्म्यावर भिंग लावूनही सेन्सरचे बारीक पाय नीट दिसत नव्हते, दोनदा चुकीच्या जागी डाग दिला. पण एका दुपारी छोट्या पडद्यावर निळ्या रंगात पिवळा डाग उमटला. तो माझा पंजा होता. ठिपके इतके मोठे, की बोटं मोजता येत नव्हती.

मी तो घेऊन घरभर फिरले. भिंती, कपाटं, पलंग, सगळं एकाच निळ्या रंगाचं. फ्रिजची पाठ लाल, राउटर लाल, देवापुढची समई पांढरी. मी उठून गेलेल्या खुर्चीवर माझा पिवळसर ठसा थोडा वेळ राहायचा आणि विरून जायचा. बाकी घरात ऊब अशी कुठेच नव्हती. मी कॅमेरा बंद केला आणि रेडिओ लावला.

खिडकीला टेकवून रस्ता बघायला गेले, तर रस्ता नाही, माणसं नाहीत, नुसता एक लालसर गोळा, मी हलले की हलणारा. बोर्ड बिघडला असं वाटून सगळे जोड पुन्हा तपासले. मग आठवलं, साधी काच ह्या उष्णतेला आरपार जाऊ देत नाही, तिच्यात आपलंच प्रतिबिंब दिसतं. खिडकी उघडल्यावर भाजीची गाडी ढकलणारा माणूस दिसला, त्याच्या मागचं कुत्रं दिसलं, आत्ताच थांबलेल्या स्कूटरचं इंजिन दिसलं. मी तिथेच उभी राहून बराच वेळ गल्ली बघत राहिले.

होडीसाठी मग जास्त ठिपक्यांचा, लांबचं पकडणारा सेन्सर आणला. त्याला डबा हवा होता, पाणी न शिरणारा. ह्यांचा कॉलेजात न्यायचा स्टीलचा डबा घट्ट झाकणाचा होता. भोक पाडून घ्यायला मेटगळ्ळीला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या कारागिराने डबा हातात फिरवून पाहिला.

"ह्यात जेवण नाही न्यायचं आता?"

"नाही," मी म्हणाले. "आता नाही."

भोकावर काच चालणार नव्हती. वाण्याकडच्या त्या चुरचुरणाऱ्या पातळ पिशवीचा तुकडा ताणून बसवला. त्यातून उष्णता जाते. कॅमेऱ्याचा डबा होडीच्या टोकाला, तिथून एक वायर तळातून मागे, आणि पडदा माझ्यासमोर, होडीच्या मागच्या फळीवर. म्हणजे वल्हवताना मी मागे बघणार आणि मला पुढचं दिसणार. शिवाय पडद्याजवळच एका काठीवर छोटा दिवा बांधला, माझी होडी इतरांना दिसावी म्हणून.

पहिल्या संध्याकाळी सगळं ठरल्यासारखं झालं. पाणी फिकट, काठ गडद. थोड्या वेळाने पडद्याच्या डाव्या बाजूला एक काळी उभी रेघ आली. खुंट. मी त्यापासून दूर जायला होडी उजवीकडे वळवली आणि बरोब्बर त्याच्यावरच जाऊन आदळले. लागलं काही नाही, मी हळूच चालले होते. पण कळेना. पुन्हा एकदा तेच झालं. मग वल्ही आत घेऊन मी नीट विचार केला. कॅमेरा पुढे बघतो. त्याचं डावं ते माझं उजवं. माझं तोंडच उलट.

उपाय सोपा होता. घरी येऊन प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली की चित्र आरशासारखं उलटं होणार होतं. ती ओळ लिहिता लिहिता माझे हात थांबले. हे टोकाशी पुढे तोंड करून बसायचे. त्यांचं डावं तेही माझं उजवंच. तरी ते "डावं" म्हणायचे तेव्हा मी माझ्या डावीकडे जायची आणि होडी नीट निघून जायची. म्हणजे इतकी वर्षं, प्रत्येक वेळी, ते मनात उलटं करून मग बोलत होते. सुरुवातीच्या दिवसांत बोलण्याआधी किंचित थांबायचे हे आठवलं. मला वाटायचं, अंधारात नीट निरखून बघत असतील. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मला कधी विचारायचं सुचलं नाही.

त्या दिवशी मी पुढे काम केलं नाही. ती ओळ दुसऱ्या दिवशी लिहिली.

त्यानंतर होडी कशाला आदळली नाही. थंडी सुरू झाली, लवकर अंधारायला लागलं. मी धडकले होते ते जोडपं आता मला पडद्यावर लांबूनच कळायचं. एका गोल गडद कडेत दोन पांढरे ठिपके, एक वल्हवणारा, एक जाळं सोडणारी. ते दिसले की मी वल्ही उचलून धरायची आणि त्यांना जाऊ द्यायची. माझा दिवा बघून तो माणूस एकदा म्हणाला, "आता बरं आहे, अम्मा." मी त्यांना पडदा दाखवला. दोघांनी आपलीच पांढरी चित्रं पाहिली आणि बाईने हात वर करून पाहिला, पडद्यातली ती आपणच का म्हणून.

मग एका संध्याकाळी गोल कडेत एकच ठिपका होता. हलत नव्हता. मी थांबून वाट पाहिली, तरी तो तिथेच.

"यारु?" मी हाक मारली. "कोण आहे?"

"मीच, अम्मा." तिचा आवाज. "वल्हं गेलं वाहून."

जवळ गेले. जाळं एका खुंटात अडकलं होतं, ते सोडवताना तिच्या हातून वल्हं निसटलं होतं. जाळ्याची दोरी मुठीत धरून ती बसून होती, वाहून जाऊ नये म्हणून.

"ओरडलीस का नाही?"

"कुणाला ओरडू? तो गावी गेलाय. सासू आजारी आहे." नवऱ्याला ती 'तो'च म्हणायची. "उजाडलं की कुणीतरी आलं असतं."

मी तेप्प होडीमागे बांधलं आणि तिला तिच्या तंबूपाशी आणलं. बोटं दोरीने कापली होती. मी निघते म्हटल्यावर तिने ऐकलं नाही. मासे खात नाही म्हणाले, तर तिने मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, आणि हुलग्याचं सार वाढलं. चुलीपाशी बसून जेवले. कुणी वाढलेलं मी किती दिवसांनी जेवत होते, ते आठवेना.

तिची अडचण अशी होती, की जाळी पाण्यात होती आणि ती एकटीने ओढता येत नव्हती. एकाने नाव धरायची, एकाने ओढायचं. नवरा येईपर्यंत मासे कुजले असते.

"माझ्या होडीतून ओढ," मी म्हणाले. "मी वल्हवते."

ती मला निरखून बघत राहिली. "वास लागेल होडीला."

"लागू दे."

दुसऱ्या दिवशी मी उन्हं उतरायच्या आतच पोचले, पण निघेपर्यंत अंधारलं. ती होडीच्या टोकाशी बसली, नेमकी कॅमेऱ्याच्या पुढ्यात, त्यामुळे माझा पडदा सगळा पांढराफटक झाला. अंधारात काही दिसेना.

"आता तूच सांग कुठे जायचं ते," मी म्हणाले.

"एडक्के," ती म्हणाली. डावीकडे. मी डावीकडे वळले, माझ्या, आणि होडी जाळ्यापासून लांब गेली.

"डावीकडे, अम्मा."

"माझं डावं वेगळं आहे."

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती मोठ्याने हसली. शेवटी आम्ही डावं-उजवं सोडून दिलं. ती "बागेकडे" म्हणायची किंवा "धरणाकडे" म्हणायची, आणि मी तशी वळायची. जाळी निघाली. तिचे हात भराभर चालत होते, ओले मासे होडीच्या तळात पडत होते, माझ्या पायांना लागत होते.

नवरा परत येईपर्यंत मी रोज गेले. एकदा काम झाल्यावर आम्ही पाण्यावरच जरा थांबलो. तिने विचारलं, "तुमचे ते कसे होते?"

हे गेल्यापासून मला लोकांनी पुष्कळ विचारलं होतं. कसे गेले, पेन्शनचं काय झालं, मुलगा कधी येणार. कसे होते, हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले. झाडांची नावं घेताना त्यांचा आवाज बदलायचा, चहात साखर घालून ढवळायला विसरायचे, खांदा दुखला की चिडायचे आणि चिडल्याचं लपवायला देवघरात जाऊन बसायचे. आमचा सगळा संसार मराठीत झाला होता, पण ह्यांच्याबद्दल एवढं पहिल्यांदा मी बोलले ते कन्नडमध्ये, आणि तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून बोलता आलं असावं. डाव्या-उजव्याचं मात्र सांगितलं नाही. ते माझ्याचपाशी ठेवलं.

"चांगले होते," ती म्हणाली, आणि तळातले मासे टोपलीत भरायला लागली.

तिचा नवरा आला. पडद्यावर पुन्हा दोन ठिपके दिसायला लागले. मी लांबून बघायची, थांबायची, हाक मारायची. तेही हाक द्यायचे. पण त्यांचं काम असायचं, आणि आता त्यांना माझ्या होडीची गरज नव्हती.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तशी तंबूंची रांग विरळ झाली. एका संध्याकाळी गेले तर त्यांची ताडपत्री नव्हती. जमिनीवर चौकोनी फिकट जागा होती, तीन दगडांची चूल होती. दुसऱ्या कुठल्या धरणावर गेले असतील, असं बागेचा मालक म्हणाला. तिने मला फोन नंबर दिला होता, तो नवऱ्याचा. लावला की बंद येतो. अजूनही कधीतरी लावून बघते.

पुढच्या थंडीत नवी माणसं आली. त्यांची ओळख नाही, ती लांबून जातात. मुलगा हल्ली "जाऊ नको" म्हणत नाही, "कॅमेरा चालतोय ना?" एवढंच विचारतो, आणि तेवढ्यावर आमचं बरंच बोलणं होतं. डब्याच्या भोकावरची पिशवी ओलीने धुरकटते, ती मी अधूनमधून बदलते. घरातल्या संध्याकाळी होत्या तशाच आहेत. आठवड्यातून दोन मी पाण्यावर घालवते.

परवा गेले होते. पाणी फिकट, काठ निवत चाललेला, मधे काहीच नव्हतं. वल्ही आत घेतली आणि होडी वाहील तशी वाहू दिली. अंधार झाल्यावर परत फिरले. बागेच्या मालकाने होडी वर ओढायला हात लावला.

"कुणी दिसलं का आज, अम्मा?"

"नाही," मी म्हणाले. "आज कुणीच नव्हतं."

डबा सोडवून पिशवीत ठेवला आणि स्कूटर सुरू केली.